कार्पेट एरिया ठरला, आता दोन इमारतींमधलं अंतर विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडमध्ये सत्तरच्या दशकात बांधलेल्या, प्रत्येकी चार मजल्यांच्या तीन इमारतींची एक सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सभांचा सगळा वेळ कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी) आणि भाडं यांतच जातो. कमिटीवरच्या एका ताईंनी विचारलं आहे की, नव्या जागेत आमची मुलं आणि म्हातारी माणसं निरोगी राहावीत म्हणून नकाशात नेमकं काय मागायचं? आणि बिल्डर ‘सगळं नियमात आहे’ म्हणाला तर पुढे काय बोलायचं?

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागाहून. इमारतीच्या चारी बाजूंना किती जागा मोकळी सुटणार आणि राहत्या मजल्यांपैकी सगळ्यात खालच्या मजल्याला तिच्यातून किती उजेड आणि वारा मिळणार, हे पहिलं विचारा. जिम, लॉबी, डेक यांची चर्चा त्यानंतर. घराच्या आतलं बरंच काही पुढे बदलता येतं. टाइल्स उखडता येतात, ओटा हलवता येतो, भिंतही पाडता येते. शेजारची इमारत मात्र एकदा उभी राहिली की तुमच्या हयातीत हलत नाही.

मी आर्किटेक्ट आहे, पण गेली वीस-बावीस वर्षं माझं बरंचसं काम डॉक्टरांसोबत चालतं. ते माणसं तपासतात, मी घरं मोजते. हे काम करताना पाहिलेलं एक घर सांगते. पूर्व उपनगरातली पुनर्वसनाची वसाहत, पहिला मजला, ऑक्टोबरातली सकाळ, अकराचा सुमार. बाहेर रणरणतं ऊन आणि आत ट्यूबलाइट चालू. त्या घरातला सतरा वर्षांचा मुलगा क्षयाच्या औषधांवर होता. मी त्याच्या आईला ट्यूब बंद करायला सांगितली आणि गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी डेट वाचायला सांगितली. तिनं पाकीट खिडकीशी नेलं, तिरकं धरून पाहिलं, मग दाराशी आली आणि शेवटी पॅसेजमधल्या दिव्याखाली जाऊन तारीख वाचली. खिडकीच्या निम्म्या काचेला पुठ्ठा चिकटवलेला होता. खाली कचरा साचतो, घुशी फिरतात, वरून कोणी काहीही टाकतं आणि ते सज्जावर अडकून कुजतं, म्हणून. दोरीवर वाळत घातलेल्या बनियनला दोन दिवसांचा कुबट वास होता. तरी लादी चांगली होती, संडास-बाथरूम घरात होतं, जागाही झोपडीपेक्षा मोठी होती. ती म्हणाली, “ताई, तिकडे पत्रा तापायचा, भाजून निघायचो. पण दारात ऊन तरी यायचं.”

हा एका घराचा अनुभव म्हणून सोडून देता आला असता. पण २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास मांडला. त्यात नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड होतं. तळमजला अधिक सात मजले अशा इमारती, आणि काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर. जिथे उजेड आणि खेळती हवा कमी, तिथे क्षयाचं प्रमाण जास्त, आणि खालच्या मजल्यांवर परिस्थिती अधिक वाईट, असं त्यात दिसलं. यात एक खुलासा करायलाच हवा. क्षय हा जंतूमुळे होतो. अपुरं पोषण, मधुमेह, तंबाखू, दाटीवाटी ही सगळी त्याची साथीदार. इमारत क्षय निर्माण करत नाही. पण खोकल्यातून बाहेर पडलेले सूक्ष्म थेंब कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात. बाहेरची हवा आत आली की ते विरळ होतात, आणि उन्हात तो जंतू तग धरत नाही. वारा आणि ऊन दोन्ही अडवलेल्या घरात एक रुग्ण असला की बाकीच्या चौघांचा धोका वाढतो. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. अशा देशात खिडकीसमोर काय आहे, हा आरोग्य खात्याचा प्रश्न आहे.

मुंबईला हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. साथ पसरली तसं अधिकाऱ्यांचं लक्ष घरगल्ल्यांकडे गेलं. घरगल्ली हा आता जुन्या मुंबईकरांच्याच तोंडी उरलेला शब्द. दोन इमारतींच्या पाठींमधली अरुंद पट्टी, जिथून सफाई कामगार मैल्याच्या टोपल्या काढून नेत. खोल्यांच्या खिडक्या त्याच पट्टीवर उघडत. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले गेले. समुद्राचा वारा पश्चिमेकडून आत यावा हाही त्यांचा एक हेतू होता. या ट्रस्टचं मी सरसकट कौतुक करणार नाही. त्यानं पाडलेल्या घरांतली गरीब माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि तिथली गर्दी आणखी वाढली. प्लेगच्या त्या वर्षांत घरात घुसून केलेल्या तपासण्या लोकांच्या जिव्हारी लागल्या होत्या, तेही विसरता येत नाही.

पण त्या ट्रस्टचा एक नियम मी आजही विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आग्रहानं मांडला. सगळ्यात खालच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या दिशेनं साडेत्रेसष्ट अंशांत एक रेषा वर न्यायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकं काढता कामा नये. भूमितीच्या भाषेत सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. कागद, पेन्सिल आणि कोनमापक एवढ्यावर हे तपासता येतं. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

आता तो नियम त्या पुनर्वसन वसाहतीला लावा. आठ पातळ्या, प्रत्येकी सुमारे २.९ मीटर, म्हणजे उंची २३ मीटरच्या आसपास. जुन्या नियमानं मधलं अंतर साडेअकरा मीटर हवं. प्रत्यक्षात तीन. उलट बाजूनं पाहिलं तर तीन मीटर अंतराला सहा मीटर उंची चालली असती, म्हणजे दोन मजले. खालच्या खोलीतून आभाळाकडे पाहायला ८२ अंशांहून अधिक मान वर करावी लागते. ज्या घरगल्लीला आरोग्याच्या नावाखाली एकदा हद्दपार केलं, तीच आपण तीन मीटर रुंदीची करून परत बांधली.

‘नियमात आहे’ या वाक्याचा अर्थ इथे उलगडतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाजूची आणि मागची मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, कमीत कमी ३.६ मीटर, असं सर्वसाधारण सूत्र होतं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि इतर काही योजनांना त्यातही सवलती मिळाल्या. शिवाय मोकळी जागा कमी पडत असेल तर ती ‘ओपन स्पेस डेफिशियन्सी’ म्हणजे मोकळ्या जागेची तूट म्हणून प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून माफ करून घेता येते. यात बेकायदा काही नाही. पण ताई, ज्या उजेडाची किंमत म्हणून हे पैसे भरले जातात तो उजेड तुमच्या घरातला असतो, आणि पैसे पालिकेकडे जातात. त्यामुळे बिल्डर ‘नियमात आहे’ म्हणाला की शांतपणे दोन प्रश्न विचारा. कोणत्या बाजूला किती मीटर कमी पडतंय आणि त्यासाठी सवलत मागितली आहे का? आणि त्या बाजूला कोणाच्या कोणत्या खोल्या येतात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं. जुन्या सभासदांना खालचे मजले, विक्रीचे फ्लॅट वर. पुनर्विकासाचा हिशेबच तसा बसवलेला असतो, कारण वरच्या मजल्याला भाव मिळतो. म्हणून प्रेझेंटेशनमध्ये दाखवलेलं अठराव्या मजल्यावरचं ऊन तुमचं नाही. तुमच्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचं चित्र मागा.

ते चित्र मागताना दोन अटी घाला. एक, तारीख २१ डिसेंबरची. मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्या काळातलं चित्र काढलं तर कोणतीही गल्ली उजळून निघालेली दिसते. दोन, शेजारचे प्लॉट आजच्या उंचीचे धरू नका. पलीकडची सोसायटीही तुमच्याच वयाची असणार, तीही पाच-सात वर्षांत पाडली जाईल. आज तुमच्या नकाशात जे ऊन पडतं ते शेजाऱ्याच्या चार मजल्यांवरून उसनं घेतलेलं आहे. शेजार पूर्ण उंचीला गेला असं धरून सावलीचं चित्र काढून मागा. चांगल्या आर्किटेक्टला याला एक दिवस पुरतो.

आणि जमलं तर शेजारच्या सोसायट्यांच्या कमिटीला आत्ताच चहाला बोलवा. हे मी मनापासून सांगते, कारण एकेका प्लॉटवर भांडून वस्ती सुधारत नाही. ट्रस्टनंच आखलेली दादर-माटुंग्याची योजना आठवा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. तिथे सगळ्या प्लॉटना सारखी शिस्त होती, मजल्यांवर मर्यादा, चारी बाजूंना मोकळी जागा, रस्त्याला झाडं. एकाचं अंगण दुसऱ्याच्या खिडकीला लागून होतं, म्हणून दोघांनाही फायदा झाला. तुमची मोकळी बाजू आणि त्यांची मोकळी बाजू एकमेकींसमोर आली तर पाच अधिक पाच मीटरचे दहा मीटर होतात. एकानं तिथे रॅम्प आणि दुसऱ्यानं ट्रान्सफॉर्मर ठेवला की दोघांचेही वाया जातात.

मला ठाऊक आहे, वीस मजल्यांच्या टॉवरला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावायचा तर तीस मीटर अंतर लागेल आणि मुलुंडमध्ये ते कुणी देणार नाही. मग काय करायचं? खोल्या फिरवायच्या. जी बाजू अरुंद आहे तिकडे जिना, लिफ्ट, संडास, स्टोअर. जी बाजू रस्त्यावर किंवा मैदानावर आहे तिकडे स्वयंपाकघर आणि माणसं जिथे दिवसाचे सर्वाधिक तास घालवतात ती खोली. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी माणूस दिवसभर कुठे असतो, ते आधी घरोघर विचारून घ्या. हा सर्व्हे एका रविवारी होतो.

आता वारा. मुंबईत पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, एरवी दुपारनंतर समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून. पण खिडकी पश्चिमेला असणं पुरेसं नाही. वारा आत यायला बाहेर जायची वाट लागते. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना फ्लॅट अशी रचना असली की प्रत्येक घराला एकच उघडी बाजू मिळते आणि पंखा तीच हवा फिरवत राहतो. जुन्या चाळीत समोर गॅलरी, मागे खिडकी आणि दारावर झरोका असायचा. खोली दहा बाय सोळाची आणि माणसं आठ, तरी हवा हलायची. चाळीचं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणत नाही, सामायिक संडासासमोरची रांग मी लहानपणी पाहिली आहे. पण तो झरोका परत मागा. मुख्य दारावर दीड फुटाची झडप आणि दाराला जाळीचं सेफ्टी डोअर, एवढ्यानं आतलं दार उघडं ठेवून, जाळीच्या दाराला कडी लावून झोपता येतं. पॅसेजच्या टोकाला उघडी खिडकी मात्र हवी, नाहीतर एका घराची हवा दुसऱ्या घरात जाते. आणि पॅसेजकडची झडप अग्निशमनाच्या नियमांत बसते ना, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

खिडकीच्या मापातही एक खाच आहे. राहत्या खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडी जागा खिडक्यांची हवी, असा मुंबईचा नियम आहे. पण हल्ली सगळीकडे सरकत्या खिडक्या लागतात आणि त्या एका वेळी निम्म्याच उघडतात. कागदावर एक षष्ठांश, प्रत्यक्षात एक द्वादशांश. पल्ल्यांच्या खिडक्या मागा. त्यांना ग्रिल कसं बसेल, पाऊस आत येणार नाही यासाठी सज्जा किती बाहेर हवा, हे आताच ठरवा. सज्जा चार-सहा इंचांचा असला की जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकी बंदच राहते आणि भिंतीला बुरशी धरते. दम्याच्या मुलांच्या घरी गेले की मी आधी कपाटामागची भिंत पाहते.

डक्टबद्दल, म्हणजे इमारतीच्या आत पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीबद्दल, एक वाक्य ठळक लिहून ठेवा: स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडणार नाही. बाथरूमची चालेल, तीही डक्ट खालून शिरून झाडता येईल एवढा रुंद असेल आणि त्याला तळाशी दार असेल तरच.

जमिनीवर या. पुनर्विकासात आवाराची माती नाहीशी होते. खाली दोन मजले पार्किंग, त्याच्या छतावर पोडियम नावाचं पक्कं अंगण, आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. झाडं कुंडीत जातात. तुमच्या आवारातला जुना आंबा किंवा बदाम वाचणार असेल तर त्याच्या बुंध्याभोवतीची माती उघडी ठेवायची अट घाला. आवाराचा एक तुकडा तरी असा मागा की ज्याच्या खाली स्लॅब नाही. पाणी तिथे मुरतं, सावली तिथे खरी पडते, आणि संध्याकाळी म्हातारी माणसं तिथेच बसतात. पोडियमवरच्या बागेत जायला लिफ्ट आणि दोन दरवाजे ओलांडावे लागतात, म्हणून पंचाहत्तरीतले आजोबा घरातच राहतात. गेटजवळ येणारी-जाणारी माणसं दिसतील असा एक सावलीतला कट्टा क्लबहाऊसपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडतो. म्हाताऱ्यांचं चालणं आणि बोलणं हे दोन्ही त्यांच्या औषधांच्या यादीत असायला हवं, असं मी डॉक्टरांकडूनच शिकले.

पाणी साचण्याबद्दल मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) साथ आली. आवाराची पातळी रस्त्यापेक्षा किती वर आहे आणि तुमचं पाणी शेजारच्या सोसायटीत तर ढकललं जात नाही ना, हे विचारा. डासांचं म्हणाल तर मुंबईत मलेरियाचा डास विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. टाकीला घट्ट झाकण आणि तपासायला पक्की शिडी हे दोन्ही लागतं. बांधकाम चालू असताना काँक्रीट ओलं ठेवायचं म्हणजे क्युरिंगचं पाणी आणि लिफ्टचा खड्डा यांत डेंग्यूचा डास होतो, तेव्हा करारात लिहा की साइटवर दर आठवड्याला पाणी उपसलं जाईल. तुम्ही तेव्हा भाड्याच्या घरात असाल, पण शेजारी तिथेच असतील.

गच्चीवर पांढरा चायना मोझेक, म्हणजे चिनी मातीच्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, घाला. वरच्या मजल्याची उष्णता त्यानं बरीच कमी होते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवायला घेतली. आपल्याकडे हे काम जुने गवंडी कुणी न सांगता करत आले आहेत.

हे सगळं कधी आणि कुठे लिहायचं, तेही सांगते, कारण बहुतेक सोसायट्या इथेच उशीर करतात. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली राज्य सरकारनं पुनर्विकासासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. आधी जानेवारी २००९ मध्ये आणि नंतर जुलै २०१९ मध्ये सुधारून. त्यानुसार बिल्डर निवडण्याआधी तुमचा सल्लागार, ज्याला सगळे पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) म्हणतात, तो व्यवहार्यता अहवाल करतो. तुमच्या अटी त्या अहवालात आणि मग टेंडरमध्ये गेल्या पाहिजेत. बिल्डर ठरल्यावर केलेली मागणी ही विनंती असते आणि तिला “बघू” असं उत्तर मिळतं. अटी मोजता येतील अशा लिहा. ‘भरपूर उजेड आणि खेळती हवा’ असं लिहू नका. ‘सभासदांच्या कोणत्याही राहत्या खोलीच्या खिडकीसमोर अमुक मीटरच्या आत भिंत नसेल’, ‘प्रत्येक घराला किमान दोन बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या असतील’ असं लिहा. आकडा तुमच्या प्लॉटवर काय शक्य आहे ते पाहून पीएमसीकडून घ्या आणि त्यावर अडून राहा. त्यासाठी घरामागे दहा-पंधरा चौरस फूट कार्पेट सोडावा लागला तर सभेत तसा हिशेब उघड मांडा. मी पाहिलेल्या दोन सोसायट्यांनी तो सोडला. तिथल्या बायकांनी मतदानाआधी जुन्या घरातल्या स्वयंपाकघराची खिडकी आणि नव्या नकाशातली खिडकी शेजारी शेजारी फळ्यावर काढून दाखवली होती.

सही करण्याआधी एक काम करा. त्या बिल्डरनं तीन-चार वर्षांपूर्वी ताबा दिलेली इमारत शोधा आणि तिथल्या जुन्या सभासदांपैकी सगळ्यात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरी सकाळी दहा-अकराला जा. सोबत गोळ्यांचं पाकीट आणि उदबत्ती न्या. दिवे बंद करून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून तारीख वाचता येते का पाहा. पंखा बंद करून खोलीच्या मधोमध उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते पाहा. तो सरळ वर जाऊन छताशी थांबला तर घरातल्या बाईंना विचारा, पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता.